ड्रमच्या मागून गाताना

हॉलच्या मॅनेजरने नोंदवही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "कार्यक्रम कोणता?"

"श्रद्धांजली सभा," मी म्हटलं.

"मयताचं नाव?"

मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्याने वही माझ्याकडे फिरवली. "तुम्हीच लिहा, मॅडम."

मी लिहिलं. त्याने ते वाचायचा प्रयत्न केला. "हे कुठले?"

"परदेशातले."

"म्हणजे आपले, तिकडे गेलेले?"

"नाही. तिकडचेच."

"नातं काय तुमचं?"

"नातं नाही. ते ड्रम वाजवता वाजवता गायचे. मीही तेच करते."

तो माझ्याकडे बघत राहिला. सत्तावन्न वर्षांची बाई, सुती साडी, चष्मा, हातात कापडी पिशवी. त्याला वाटलं असावं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण हॉल रिकामा होता. रविवारी सकाळी दहा ते एक अशी वेळ त्याने लिहून घेतली आणि वरच्या मजल्यावर साखरपुडा आहे, आवाज बेताने ठेवा, असं बजावलं.

बातमी मला बुधवारी कळली. मी जळगावात ड्रम शिकवते. त्याआधी बरीच वर्षं पहूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घराच्या वरच्या खोलीत क्लास काढला. त्या सकाळी एका ड्रमचं फाटलेलं हेड, म्हणजे वरचा पडदा, बदलत होते, तेव्हा एका विद्यार्थिनीने मोबाईलवर बातमी पाठवली. जुन्या काळातल्या एका रॉक ग्रुपचे ड्रमर वारले. वय झालं होतं, आजारी होते. चार ओळींची बातमी. मी हातातला पाना खाली ठेवला.

मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पत्र लिहिलं नव्हतं. पण आपल्याकडे कुणी गेलं की ओळखीची माणसं एकत्र बसतात, त्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. त्यांच्यासाठी जळगावात कुणी बसणार नव्हतं. म्हणून मी बसायचं ठरवलं.

पहिला फोन केला भावाला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आता धुळ्याला स्थायिक आहे.

"अगं, जळगावात त्यांना ओळखतं कोण?" तो म्हणाला.

"मी ओळखते."

"चार माणसं येणार नाहीत. लोक हसतील तुला."

"हसू देत. तू ये."

"बघतो."

आमच्या घरात 'बघतो' म्हणजे नाही. मी आग्रह केला नाही. त्या ड्रमरचं गाणं पहिल्यांदा आम्ही दोघांनी एकत्र ऐकलं होतं, एवढं त्याला आठवत असणारच. आणि पुढे काय झालं तेही.

आम्ही धरणगावचे. वडील, म्हणजे आमचे आबा, जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचं काम करत. बोटांत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगायचे. भाऊ आणि मी दोघंही कॉलेजला जळगावला, रोज गाडीने ये-जा. भावाने कॉलेजातल्या तीन मित्रांना घेऊन ग्रुप काढला होता. तो स्वतः गिटार वाजवायचा. त्यातल्या एका मारवाडी मित्राच्या घरचं कापडाचं गोडाऊन होतं, तिथे सराव चाले. चारी बाजूंनी कापडाच्या गाठी रचलेल्या असत, त्यामुळे कितीही जोरात वाजवलं तरी रस्त्यावर ऐकू जात नसे. त्याच मित्राने कुठून तरी एक कॅसेट भरून आणली होती. वर नाव नाही, फोटो नाही, नुसतं निळ्या शाईने 'इंग्रजी' लिहिलेलं.

त्या कॅसेटमधला आवाज मला फार आवडला. थोडा खरखरीत, घाई नसलेला. शब्द तालाच्या किंचित मागून यायचे, जणू गाणारा माणूस आधी काहीतरी काम आवरतोय आणि मग बोलतोय. मला वाटायचं, हा कुणी उंच, देखणा माणूस असेल, स्टेजच्या मधोमध उभा राहून गात असेल.

तेव्हा मी ग्रुपमध्ये नव्हते. शाळेत असताना परेडच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवायचे, एवढाच माझा अनुभव. पण भावाच्या ग्रुपचा ड्रमर ऐन स्नेहसंमेलनाच्या तोंडावर, आठ दिवस उरले असताना, पुण्याला निघून गेला. दुसरा कुणी मिळेना. भाऊ नाइलाजाने म्हणाला, "तू बसून बघ." मी बसले. हात तयार होते, पाय तयार नव्हते. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ गोडाऊनमधल्या हातांच्या खुर्चीत बसून पायाने नुसता बास ड्रम मारत राहिले. पोटऱ्या दुखून जिना चढता येईना. स्नेहसंमेलन पार पडलं आणि मी ग्रुपमध्ये राहिले.

एके दिवशी आबा जिनिंगमधल्या सुताराकडून एक गोल स्टूल करून घेऊन आले. "त्या खुर्चीचे हात तुझ्या कोपराला लागत असतील," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी मारवाडी मित्राने रद्दीच्या दुकानातून एका इंग्रजी मासिकाची पानं आणली. त्यात त्या कॅसेटमधल्या ग्रुपचा फोटो होता, खाली कोण काय करतं ते छापलेलं. मी विचारलं, "यातला गाणारा कुठला?"

त्याने बोट ठेवलं ते मागे बसलेल्या माणसावर. दाढी, अस्ताव्यस्त केस, हातात स्टिक्स, आणि तोंडाशी वाकडा करून लावलेला माईक.

"हा ड्रमर आहे," मी म्हटलं.

"हाच गातो."

मी ते पान मागून घेतलं. घरी येताना गाडीत ते पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. आवाज मागे का राहायचा ते आता कळलं. माणूस खरंच काम करत होता. दोन हात, दोन पाय आणि गळा, पाचही एकाच वेळी.

दुसऱ्या दिवसापासून मी गायला लागले. गाणं मला येत होतं, लहानपणापासून येत होतं. पण वाजवत गाणं ही वेगळीच गोष्ट निघाली. गळ्यावर लक्ष दिलं की डावा पाय विसरायचा, पायावर लक्ष दिलं की शब्द जायचे. श्वास कुठे घ्यायचा हे शोधायलाच महिना गेला. एकदा मान वळवताना माईक दातांवर आपटला आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. तो दात अजून तसाच आहे. दाताच्या डॉक्टरांनी दोनदा कॅप बसवायला सुचवलं, मी बसवून घेतली नाही.

मला जमायला लागलं तेव्हा अडचण सुरू झाली. ग्रुपमधल्या मुलांना माझं ड्रम वाजवणं चालत होतं, कारण दुसरं कुणी नव्हतं. माझं गाणंही चालत होतं, कारण मुलगी गाते म्हटल्यावर कार्यक्रम मिळत. दोन्ही एकत्र मात्र कुणालाच नको होतं. "गायचं तर पुढे उभी राहा, साडी नेस, दिसलं पाहिजे," असं ते म्हणायचे. "ड्रमवर कुणाला तरी बसवू. एक काहीतरी कर."

मी म्हणायचे, "दोन्ही जमतंय ना? मग एक का करू?"

यावर नुसतं 'बरं दिसत नाही' एवढंच ते म्हणायचे.

धरणगावातही बोलणं झालं. एक शेजारीण आईला सांगायला आली की पोरीचं हे बरं नव्हे, ढोल बडवते काय, वर गाते काय. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून कितीतरी वर्षं पहाटे जात्यावर ओव्या म्हणत दळत आली होती. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दयता दयता गानं म्हनाले दोन बाया लागतस का?"

शेजारीण चहा न घेता गेली.

त्याच वर्षी हिवाळ्यात धुळ्याला आमचा एक कार्यक्रम झाला. एका कॉलेजचं स्नेहसंमेलन, भर दुपारी, मोठा मांडव. कार्यक्रमाची व्यवस्था तिथल्या एका सरांकडे होती. त्यांनी भावाला बाजूला घेऊन बरंच काही सांगितलं. भाऊ परत आला तेव्हा माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "ड्रम जरा मागे ठेवायचेत."

जरा मागे म्हणजे कॉलेजच्या मोठ्या कापडी बॅनरच्या मागे. पूर्णच मागे. मला तिथून प्रेक्षक दिसत नव्हते आणि त्यांना मी. फक्त बॅनर आणि खांबाच्या मधल्या फटीतून स्टेजचा एक कोपरा दिसत होता. मी वायरी जोडल्या, माईक तपासला. पहिली दोन गाणी नुसती वाजवायची होती, ती झाली. तिसरं माझं, एक गाजलेलं हिंदी गाणं. मी गायला सुरुवात केली आणि फटीतून बघितलं, तर स्टेजच्या मधोमध एक मुलगी उभी. जांभळी साडी, केसांत गजरा, हातात माईक. माझ्या प्रत्येक शब्दाला ती तोंड हलवत होती.

तिचा माईक बंद होता, हे मला लगेच समजलं. माझा आवाज तिच्या तोंडातून निघतोय असं मांडवातल्या सगळ्यांना वाटत होतं. भाऊ तिच्या शेजारी गिटार घेऊन उभा होता. म्हणजे त्याला हे आधीपासून माहीत होतं.

ध्रुवपद संपेपर्यंत मी गायले. पहिलं कडवं गायले. मग माईक तोंडापासून बाजूला केला आणि गाणं थांबवलं. हात थांबवले नाहीत. ताल जसा होता तसा चालू ठेवला.

पुढची मुलगी दोन ओळी तशीच तोंड हलवत राहिली. मांडवात कुणीतरी शिट्टी मारली, मग हशा. भाऊ मागे वळून बघत होता. मी वाजवत होते.

ती मुलगी बॅनरच्या मागे आली. घामाने डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं. माझ्याहून लहानच असावी.

"काय झालं? गात का नाहीस?" तिने विचारलं.

"तू गा," मी म्हटलं.

"मला गाता येत नाही. मी नाचात आहे. सरांनी सांगितलं, मागच्या मुलीला लोकांसमोर यायची लाज वाटते, तिला मदत कर."

मी वाजवतच म्हटलं, "मला लाज वाटते असं कोण म्हणालं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, ड्रमकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या लक्षात आलं असावं. ती रागावली. माझ्यावर नव्हे. बॅनर खांबाला सुतळीने बांधला होता. तिने गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना, तेव्हा दातांनी ओढली. बॅनरची एक बाजू खाली आली आणि मला अख्खा मांडव दिसला, मांडवाला मी दिसले. ती मुलगी स्टेजच्या पायऱ्या उतरून निघून गेली. पुन्हा ती मला कधी भेटली नाही. तिचं नावही मला माहीत नाही.

मी माईक पुढे ओढला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. पूर्ण गायले. मागच्या बाकांवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे उठून गेले. चौथ्या गाण्याला आमची वीज गेली. फक्त आमची, मांडवातले पंखे चालू होते.

परतीला आम्ही टेम्पोने निघालो. पारोळ्याला चहासाठी थांबलो तेव्हा भाऊ म्हणाला, "ग्रुप संपवलास तू."

"मी?" मी म्हटलं. तो चहाचे पैसे द्यायला उठला.

ग्रुप खरंच संपला. पुढच्या वर्षी कुठूनच बोलावणं आलं नाही. मुलं नोकऱ्यांना लागली, कुणी नाशिकला, कुणी पुण्याला. ड्रम मात्र मी कुणाला नेऊ दिले नाहीत. ते आमच्या ओसरीत पोत्याखाली राहिले आणि मी रोज संध्याकाळी पोतं काढून वाजवत राहिले. आबांच्या कानावर धुळ्याची हकिगत बाजारात आली होती. त्यांनी फक्त विचारलं, "गाणं पुरं झालं का?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाले.

बघायला आलेली माणसं 'गाणं येतं का' असं विचारत. मी सांगायचे, येतं, पण वाजवत गाते, नुसतं नाही. दोन स्थळं तिथेच उठली. तिसऱ्याने विचारलं, "ड्रम ठेवायला केवढी जागा लागते?" त्याच्याशी मी लग्न केलं. पहूरला आमच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक ड्रमची.

शाळेतही तेच. गॅदरिंगला मुख्याध्यापक म्हणत, बाई, तुम्ही पुढे उभं राहून एक गाणं म्हणा. मी म्हणायचे, मागे बसून म्हणेन, नाहीतर नाही. काही वर्षं नाहीच झालं. मी वाट बघितली. एका मुख्याध्यापकांनी 'बरं बाई' म्हटलं, आणि त्यानंतर दर वर्षी झालं. इतकी वर्षं लोक मला सांगत आलेत की एवढ्याशा गोष्टीसाठी हट्ट कशाला. गोष्ट एवढीशी होती तर त्यांनी सोडायची होती. मी एकटी होते, ते पुष्कळ होते. त्यांना सोडणं सोपं होतं.

रविवारी सकाळी मी आणि माझे यजमान रिक्षाने ड्रम घेऊन हॉलवर गेलो. फोटो मी आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात मोठा करून घेतला होता. दुकानदाराने दाढी आणि केस बघून विचारलं होतं, "कुठले महाराज, ताई?" मी म्हटलं, "गाणारे."

मॅनेजर स्टेजवरचे दिवे लावायला गेला. मी म्हटलं, "स्टेज नको." ड्रम हॉलच्या मधोमध जमिनीवर मांडले आणि खुर्च्या गोल लावल्या. चौदा माणसं आली. सहा माझे विद्यार्थी, काहींच्या आया, दोन शेजारी आणि माझी शाळेतली जुनी मैत्रीण, खास बोदवडहून गाडीने आलेली. तिने आल्या आल्या सांगून टाकलं, "मला या माणसाचं काही माहीत नाही. तू बोलावलंस म्हणून आले."

"म्हणूनच सांगते," मी म्हटलं, आणि उभी राहिले.

मी भाषण लिहून आणलं नव्हतं. मी त्यांना कॅसेटची गोष्ट सांगितली, मासिकातल्या फोटोची सांगितली. म्हटलं, हा माणूस खूप दूरचा, त्याला आपली भाषा माहीत नव्हती, जळगाव कुठे आहे हेही माहीत नसणार. पण धरणगावच्या एका मुलीला जेव्हा सगळे सांगत होते की असं करत नाहीत, तेव्हा तिच्या दप्तरात एक कागद होता आणि त्यावर हा माणूस तेच करत बसलेला होता. मला कुणाची परवानगी नको होती. असं करता येतं, एवढं कुणीतरी दाखवायला हवं होतं. ते यांनी दाखवलं. धुळ्याचा प्रसंगही सांगितला, बॅनरसकट. तो मी पहिल्यांदाच चार लोकांत सांगत होते.

सांगता सांगता दाराकडे लक्ष गेलं. भाऊ उभा होता. कधी आला कळलं नाही. मी बोलणं आवरतं घेतलं नाही. 'माझा भाऊ शेजारी गिटार घेऊन उभा होता' हेही तसंच सांगितलं. तो आत येऊन शेवटच्या खुर्चीवर बसला.

मग मी त्यांची तीन गाणी गायले. आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, वरचे सूर ओढावे लागतात. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात मॅनेजर धावत आला आणि हाताने 'कमी करा' अशी खूण करू लागला. मी गात राहिले. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मॅडम, वर अंगठ्या घालायची वेळ झालीय. ही सभा आहे की ऑर्केस्ट्रा?"

मी दोन ओळींच्या मधल्या जागेत म्हटलं, "सभा. गाणं संपू द्या."

तो तिथेच उभा राहिला, गाणं संपेपर्यंत. मी हात हलका केला नाही. साखरपुड्याला आलेल्या चार-पाच बाया जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होत्या. त्यातल्या एकीने तिसरं गाणं सुरू होताच मॅनेजरला सांगितलं, "ओ दादा, वाजवू द्या त्यांना. वर आमचा भटजी अजून यायचा आहे."

सगळे गेल्यावर भाऊ ड्रम सुटे करायला मदत करू लागला. पितळी सिंबलचे स्क्रू काढत तो म्हणाला, "त्या दिवशी सरांनी मला आधी सांगितलं होतं. मी तुला सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "सांगायला हवं होतंस."

त्याला वाटलं असावं, मी म्हणेन, जाऊ दे, जुनं झालं. मी तसं म्हटलं नाही. मला तसं वाटत नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "एक सांग. तू गाणं थांबवलंस, मग वाजवणं का नाही थांबवलंस? मला तेव्हाही कळलं नव्हतं."

"वाजवायला मी ग्रुपसाठी बसले होते. ते काम मी सोडणार नव्हते," मी म्हटलं. "आवाज तुम्ही मला न विचारता दुसरीला दिला होता. तेवढा परत घेतला."

त्याने मान हलवली. "चुकलं माझं," तो म्हणाला. मी ते ऐकून घेतलं. मग आम्ही दोघांनी बास ड्रम उचलून रिक्षात ठेवला, बाकीचं यजमानांनी आणलं. जेवण करून भावाने दुपारची धुळ्याची बस धरली. रविवारी चारला माझी एक बॅच असते, ती मी घेतली.